सिल्क-वेल्व्हेटच्या सोफ्याला डागरोधक स्प्रे: खाऱ्या हवेत मारावा का, मारला तर कसा?

पागोळी
घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटं. जांभ्याच्या भिंती, वर कौलं. बैठकीच्या खोलीत तीन प्रकारचं कापड आहे:
१. तीन सीटर सोफा. दुकानदाराच्या मते 'व्हिस्कोज वेल्व्हेट', मोरपंखी.
२. दोन खुर्च्या. 'रॉ सिल्क', हस्तिदंती रंग. सागवानी हात, फ्रेंच पॉलिश.
३. खणाचे सहा अभ्रे, काठाला जर.

शिमग्याला आणि मग मे महिन्यात घर भरतं. आमरस, सोलकढी, कालवण, सगळं याच खोलीत. बाजारात पाण्यातले आणि सॉल्व्हंटमधले (पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या रासायनिक द्रावकातले) असे दोन्ही स्प्रे दिसतात. कोणता घ्यावा, किती लागेल, कधी मारावा? आत्ता मार्गशीर्ष चालू आहे, म्हणजे वेळ आहे. 'चादर घाला' हे उत्तर आधीच माहीत आहे.

बांगडा_फ्राय
चाकरमान्यांवर मारायचा काही स्प्रे येतो का? एका कोटात काम होईल.

तिरफळ
पागोळी, स्प्रे कोणता हे नंतर. 'दुकानदाराच्या मते' हे दोन शब्द आधी काढून टाका. आपल्याकडे 'सिल्क' म्हणून विकलं जाणारं बरंच कापड आर्ट सिल्क असतं, म्हणजे व्हिस्कोज नाहीतर पॉलिस्टर. तिन्हींची वागणूक वेगळी, म्हणून स्प्रेही वेगळा.

सीटखालचं काळं अस्तर जिथे पिना मारून बसवलेलं असतं, तिथे मूळ कापडाची दुमडलेली किनार सापडते. तिथले चार-पाच धागे काढा, ताणा (उभे) आणि बाणा (आडवे) दोन्हीकडचे. वेल्व्हेटची लव आणि तळाचं विणकामही वेगवेगळ्या धाग्यांचं असू शकतं, म्हणून दोन्ही.

जाळून पाहणं: धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. जळक्या केसांचा वास आणि बोटांनी चुरडणारी काळी राख म्हणजे खरं रेशीम. कागद जळल्याचा वास आणि मऊ करडी राख म्हणजे सुती, लिनन किंवा व्हिस्कोज. आक्रसून वितळला आणि टोकाला टणक मणी झाला की पॉलिस्टर.

सुती आणि व्हिस्कोज वेगळं करायला धाग्याचा मध्यभाग थुंकीने ओला करून दोन्ही टोकं ओढा. ओल्या जागी पटकन तुटला तर व्हिस्कोज. सुती धागा ओला झाला की उलट मजबूत होतो.

एवढा खटाटोप एवढ्यासाठी, की व्हिस्कोजची ताकद पाण्यात जवळपास निम्मी होते आणि ओली लव दाबली गेली की चपटी होऊन तशीच राहते. त्याच्यावर पाण्यातला स्प्रे म्हणजे डाग पडायच्या आधीच स्वतः पाडलेला डाग.

ओटीपडवी
हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉन स्प्रे मिळतो, बिजागऱ्यांना मारायचा. पाणी त्याच्यावरही टिकत नाही. स्वस्तात काम होईल का?

तिरफळ
अजिबात नको. ते वंगण आहे. कापडावर तेलकट पट्टा उठेल आणि त्याच्यावर धूळ चिकटेल. शिवाय तो पट्टा काढायला गेलात की सिलिकॉन धाग्यात आणखी पसरतं. पुढे तिथे कुठलाही खरा डागरोधक नीट धरत नाही.

निरफणस
थोडं रसायनशास्त्र, कारण डब्यावर 'रिपेलंट' एवढंच लिहिलेलं असतं.

पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास. खाद्यतेलाचा साधारण ३० ते ३५. मेण किंवा सिलिकॉनचा थर पाण्याला थेंब करून ठेवतो, तेलाला नाही. तेल थांबवायचं तर पृष्ठभागाची ऊर्जा त्याहून बरीच खाली लागते आणि ते फ्लोरिनच्या संयुगांनीच नीट जमतं.

हा शोधही सांडण्यातूनच लागला. १९५३ साली थ्री-एमच्या प्रयोगशाळेत एक फ्लोरिनयुक्त द्रव कॅनव्हासच्या बुटावर सांडला आणि तेवढी जागा मळेनाशी झाली. पॅट्सी शर्मन आणि सॅम्युअल स्मिथ यांनी त्यातून स्कॉचगार्ड हा डागरोधक काढला. पुढे कळलं की त्यातलं पीफॉस (PFOS) हे फ्लोरिनचं संयुग निसर्गात मोडत नाही आणि शरीरात साठतं. २००० मध्ये कंपनीनेच ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. टिकाऊ प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात २००९ साली पीफॉस आलं, २०१९ साली त्याच जातीचं पीफोआ (PFOA). त्यानंतर आखूड साखळीची संयुगं आली. तीही टिकाऊच, म्हणून आता 'फ्लोरिनविरहित' डब्यांची लाट आहे.

गंमत अशी की फ्लोरिनविरहित स्प्रे चहा आणि सोलकढीतलं पाणी अडवेल, पण डोक्याचं खोबरेल आणि कालवणाची तर्री अडवणार नाही. कोकणातल्या सोफ्याचे निम्मे डाग तेलाचेच. डबा घेताना हे धरून चाला.

सुरंगी
निरफणस यांनी स्वतःच उत्तर दिलं आहे. तेल अडवणारा घ्यावा तर तो टिकाऊ विषाचा, निरुपद्रवी घ्यावा तर तेल अडवत नाही. मग फवारायचंच कशाला? खोळी शिवून घ्या, धुवा, बदला. वर हे थर घासून जातात. बसण्याच्या जागी आणि हातांवर सगळ्यात आधी, म्हणजे जिथे गरज तिथेच.

घाडीगावकर_मालवण
इतक्या सगळ्या करण्यापेक्षा चादर घाला. पावणे इले की काढा, गेले की घाला.

बांगडा_फ्राय
घाडीगावकरांनू, पावणे इले की डाग पडतत, तेव्हाच चादर काढून काय उपयोग?

निरफणस
सुरंगीताई, खोळीचा मुद्दा मान्य. पण 'घासून जातो' म्हणून फोल नाही. डागरोधकाचं काम डाग कायमचा रोखणं हे नाहीच, तो काही मिनिटं मिळवून देतो. थेंब वर थांबला की टिपायला फुरसत मिळते. सांडल्यावर तसंच ठेवून जेवायला गेलात तर कुठलाच थर वाचवणार नाही.

आणि कापडावर कारखान्यातला थर आधीच आहे का, तेही पाहा. लपलेल्या जागी पाण्याचा एक थेंब आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब ठेवा. अर्धा मिनिट थांबा. पाणी थेंब राहिलं आणि पॅराफिन मुरलं तर मेण-सिलिकॉनचा थर आहे. दोन्ही उभे राहिले तर फ्लोरिनचा आहे, वर काही मारू नका. कापड उद्योगातली तेलाची एएटीसीसी ११८ चाचणीही पहिल्या पायरीला याच जातीचं खनिज तेल वापरते. व्हिस्कोजवर पाण्याचा थेंब मात्र सुट्या तुकड्यावरच टाकायचा, सोफ्यावर नाही.

कातळसडा
सगळे डब्यावर बोलताय, हवेवर कोणीच नाही. आपल्याकडे अर्धं काम हवा बिघडवते.

मीठ. समुद्राकाठच्या घरात कापडावर खाऱ्या वाऱ्याचं मीठ बसतंच. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. म्हणून जूनपासून सोफा हाताला सतत दमट लागतो. अशा कापडावर मारलेला थर धाग्याला धरत नाही, मिठावर बसतो. कुठे धरतो, कुठे नाही, आणि ढग-ढग दिसतात. त्यामुळे आधी मऊ ब्रशच्या नळीने व्हॅक्यूम, तीन-चार वेळा, शिवणी आणि बटणांच्या खोबणींसह. धुता येणारे अभ्रे गोड्या पाण्यात खळबळून. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते नको.

वेळ. आषाढ ते आश्विन विसरा. गणपतीच्या आधी घाईने मारलेला पाण्यातला स्प्रे गौरी जेवल्या तरी आतून सुकलेला नसतो. दिवाळी उलटल्यापासून शिमग्यापर्यंत मारायचा. दिवसातही वेळ आहे: पहाटे मतलई वारे असले तरी दव असतं. दव ओसरल्यावर, खारे वारे सुरू व्हायच्या आत, म्हणजे साधारण साडेनऊ ते अकरा. छोटा डिजिटल आर्द्रतामापक सोफ्याच्या शेजारी ठेवा. ६५ च्या वर आकडा असेल तर त्या दिवशी डबा उघडू नका.

बुरशी असेल तर तिच्यावर थर मारून ती जात नाही, थर तेवढा वाया जातो. आधी गाद्या बाहेर सावलीत वाऱ्याला ठेवा, सुकल्यावर मास्क लावून ब्रश, मग व्हॅक्यूम, मग दोन दिवस थांबून वास येतो का बघा.

आगळ
कातळसडा, जुन्या सोफ्यात काथ्या भरलेला असतो तेही लिहा.

कातळसडा
हो, राहिलंच. जुन्या लाकडी सोफ्यांत गोणपाट आणि काथ्याची भरण असते. काथ्यात टॅनिन असतं. वरून ओलं जास्त झालं की ते पाण्याबरोबर वर चढतं आणि सुकताना कापडावर तपकिरी कडं सोडतं. लोक म्हणतात 'स्प्रेने डाग पाडला'. स्प्रेने नाही, स्प्रेतल्या जास्तीच्या पाण्याने आणि सावकाश सुकण्याने. हस्तिदंती रंगावर हे लांबून दिसतं.

तिरफळ
आता प्रत्यक्ष मारण्याबद्दल.

चाचणीचा तुकडा आधी. सीटच्या खालची बाजू किंवा चेनजवळची पट्टी, हाताच्या पंजाएवढी. एक हलका हात (कोट) मारा, २४ तास जाऊ द्या. मग चार गोष्टी बघा: रंग गडद झाला का, पांढऱ्या सुती फडक्याने घासल्यावर रंग उतरतो का, हाताला कडक लागतं का, आणि तिरप्या उजेडात कडेला रेघ दिसते का. चारपैकी एक जरी 'हो' असेल तर थांबा. दुसऱ्या ब्रँडने चमत्कार होईल असं धरू नका.

सॉल्व्हंटचा असेल तर आणखी एक गोष्ट. वेल्व्हेट विणलेलं आहे की लव चिकटवलेली, ते उलट्या बाजूने बघा. चिकटवलेल्या लवेचा गोंद किंवा पाठीमागचा रबरी थर सॉल्व्हंटने सुटतो आणि महिन्याभरात लव टकलासारखी जाते.

मारताना नोझल १५ ते २० सेंटिमीटर लांब. जवळ धरलं की मध्यभागी तळं होतं, खूप लांब धरलं की थेंब हवेतच सुकून पांढरी भुकटी बसते. हात सतत चालू, सुरुवात आणि शेवट कापडाच्या बाहेर, प्रत्येक पट्टा आधीच्यावर एक तृतीयांश चढवत. पहिला हात आडवा, पूर्ण सुकल्यावर दुसरा उभा. कापड ओलसर दिसावं, ओलं नाही. थेंब ओघळला म्हणजे जास्त झालंच, पांढऱ्या फडक्याने लगेच टिपा. वेल्व्हेटची लव पहिल्या हातानंतर अगदी मऊ ब्रशने तिच्या दिशेने एकदाच फिरवून ठेवा, दाबायचं नाही.

एक पूर्ण पृष्ठभाग एका दमात संपवा. पाठ अर्धी करून चहाला गेलात तर थांबलात तिथे रेघ राहते. चहा आधी प्या.

सागवानी हात झाका. फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख, ती अल्कोहोलमध्ये विरघळते आणि कित्येक स्प्रेंत अल्कोहोल असतं. कागदी टेप आणि प्लास्टिक वापरा, वर्तमानपत्र नको, शाई सुटते. फरशीही झाका. उडालेल्या तुषारांनी लादी निसरडी होते आणि कोणीतरी आपटतं.

ओटीपडवी
मग हेअर ड्रायरने लवकर सुकवलं तर?

तिरफळ
पाण्यातला स्प्रे असेल आणि कापड पॉलिस्टर असेल तर कोमट हवेवर, लांबून, चालेल. ऊब थराला मदतच करते. कारखान्यात असे थर १५० अंशांच्या वर भाजून पक्के करतात, म्हणून घरचा थर कधीच तेवढा टिकत नाही. सॉल्व्हंटचा असेल तर ड्रायरला हातही लावू नका.

सुरंगी
आणि का लावू नका ते सविस्तर लिहा, कारण इथे वाचून कोणीतरी मारणार आहे. सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते. देवघरातली समई, उदबत्ती, डासांची कॉइल, गॅसचा बर्नर, फ्रिज आणि इन्व्हर्टरची ठिणगी, सगळं बंद. खिडक्या समोरासमोरच्या उघड्या, वारा तुमच्या पाठीकडून. पंखा आधीच चालू करून ठेवा, मध्येच बटण दाबू नका.

साधा कापडी मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. आणि हे फक्त सॉल्व्हंटचं नाही. पाण्यातल्या स्प्रेचे बारीक तुषार छातीत गेले तरी फुफ्फुसाला इजा होते, खोकला आणि दम काही तासांनीही लागू शकतो. दमेकरी, गरोदर बाई आणि लहान मुलं त्या दिवशी शेजारी. पिंजऱ्यातला पोपट पहिल्यांदा हलवा, पक्ष्यांना हे सगळ्यात लवकर बाधतं. माशांची टाकी झाकून एअर पंप बंद.

माणूस बोलावून मारून घेणार असाल तर त्याच्याकडे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या रसायनाचं सुरक्षितता-पत्रक मागा. तिसऱ्या विभागात घटक, नवव्यात फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते तापमान. 'इंपोर्टेड आहे' हा घटक नाही.

बांगडा_फ्राय
शेवटचं वाक्य फ्रेम करून दुकानात लावायला हवं.

आगळ
थर मारूनही पडणाऱ्या डागांचं बोला. माझं टोपणनाव राखायला आधी कोकम. आगळाचा लाल रंग आम्लात लाल राहतो, साबण किंवा सोडा लागला की निळसर-काळपट होतो आणि मग लोक घाबरून आणखी घासतात. आधी टिपा, मग गार पाण्याने ओलसर केलेलं पांढरं फडकं, कडेकडून मध्याकडे. साबण नाही. हळदीचं तसंच, साबणाने लाल होते. ऊन तिला उतरवतं, पण रेशीम उन्हात कुजतं, त्यामुळे रेशमाला तो उपाय नाही. आमरस दाट असतो, बोथट सुरीने आधी उचला, पुसू नका.

लाल माती म्हणजे लोहाचा गंज. ओली असताना हात लावू नका, सुकू द्या, मग व्हॅक्यूम. ब्लीच तर कधीच नाही, गंजाचा डाग पक्का होतो.

घाडीगावकर_मालवण
फणसाच्या चिकाक खोबरेल लावचा. सगळ्यांका म्हायत आसा.

आगळ
हाताला आणि विळीला, दादा, सोफ्याला नाही! चीक सुटेल आणि तेलाचा पंजा राहील. पिशवीत बर्फ घालून चिकावर ठेवा, कडक झाला की नखाने कपचे निघतात. उरलं ते सॉल्व्हंटच्या थेंबाने, आधी चाचणी करून. ओल्या काजूचं टरफल मात्र सोफ्याजवळही नको. त्यातलं तेल कातडी भाजतं, कापडाला काय सोडणार! त्याच्यावर डबा नाही, उपाय नाही.

पागोळी
सगळ्यांचे आभार. धागे जाळून पाहिले.
वेल्व्हेट: लव आणि तळ दोन्हीकडे कागदाचा वास. लवेचा धागा ओला केल्यावर लगेच तुटला, तळाचा नाही.
'रॉ सिल्क': आक्रसलं, टोकाला टणक मणी!
खण: ताणा कागदासारखा जळला, बाण्याचा मणी झाला.
लिक्विड पॅराफिन तिन्हींवर मुरलं. पाणी फक्त खुर्चीवर उभं राहिलं.

तिरफळ
म्हणजे रेशीम घरात नाहीच. दुकानदाराला अभिनंदन कळवा.

खुर्च्या पॉलिस्टरच्या, सगळ्यात सोपं काम. पाणी उभं राहतं आणि तेल मुरतं, म्हणजे आधीचा थर मेण-सिलिकॉनचा असावा. त्याच्यावर नवा थर धरेलच असं नाही, म्हणून पंजाएवढी चाचणी आणि २४ तासांनी पुन्हा पॅराफिनचा थेंब. उभा राहिला तरच पुढे, पाण्यातला, दोन हलके हात.

सोफा: व्हिस्कोज लव, सुती तळ. पाण्यातला नाही. सॉल्व्हंटचा मारायचा तर आधी सुट्या तुकड्यावर, मग सीटखाली, आणि दोन्हीकडे पास झाला तरच. माझं मत विचाराल तर पाठ आणि बाजूंना हात लावू नका, तिथे फारसं सांडत नाही. सीट आणि हात एवढंच करा, नाहीतर सुरंगीताईंची खोळ.

अभ्रे: काढून, गोड्या पाण्यात. साबणाचा अंश राहिला तर थर फसतो, म्हणून खळबळणं साबणापेक्षा जास्त महत्त्वाचं. फॅब्रिक कंडिशनर नको. जरीच्या काठावर मारू नका, चमक बसते आणि फायदा काहीच नाही. काठ कागदी टेपने झाका.

पागोळी
किती घेऊ?

कातळसडा
डब्यावर प्रति चौरस मीटर आकडा असतो, तोच धरा. तीन सीटरचं डोळ्याला दिसणारं कापड आठ-नऊ चौरस मीटर धरता येईल, पण फक्त सीट आणि हात केलेत तर त्याच्या निम्म्याहून कमी. हात किती सुटतो ते बघायला ३० बाय ३० सेंटिमीटरचा पुठ्ठा घ्या, म्हणजे ०.०९ चौरस मीटर. डबा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, पुठ्ठ्यावर एक हात मारा, पुन्हा वजन करा. समजा डबा चौरस मीटरला ५० मिली सांगतो, तर दोन हातांचे मिळून पाण्यातल्याचे साडेचार ग्रॅम कमी व्हायला हवेत, एका हाताचे सव्वादोन. पाच-सहा एका हातातच गेले तर तुमचं बोट जड आहे, सोफ्याकडे जाण्याआधी पुठ्ठ्यावरच सुधारा.

मारल्यावर २४ तास बसायचं नाही असं डब्यावर असतं. आपल्या हवेत ४८ धरा.

बांगडा_फ्राय
आणि ते ४८ तास चाकरमानी आले तर?

घाडीगावकर_मालवण
पडवीत बसवा. जांभ्यार डाग पडणा नाय.

निरफणस
पडतो. जांभा सच्छिद्र असतो, तेल पितो.

बांगडा_फ्राय
म्हणजे आता पडवीचा धागा काढा.